अमडापूरकडची बोट

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला कुणी सांगायला नको. खारं पाणी म्हणाल तर एक लोणारचं, आणि त्यात कुणी बोट घालत नाही. तरीही एका शिडाच्या बोटीचं डिझेल इंजिन काढून तिथं विजेची मोटार बसवायचं काम मी याच जिल्ह्यात केलं, आणि एकदा नाही, दोनदा केलं. हे चारचौघांत सांगितलं की लोक आधी माझ्याकडे पाहतात आणि मग माझ्या पेल्याकडे. पेल्यात चहाच असतो.

दिवाळी अंकवाल्यांनी मला उमेदीच्या दिवसांबद्दल लिहायला सांगितलं आहे. उमेद होती तेव्हा लिहायला वेळ नव्हता, आता वेळ आहे तर उमेद नाही. शिवाय कानात अष्टौप्रहर एक घरघर चालू असते. डॉक्टर म्हणतात, ती आता जायची नाही. इंजिनं गेली, घरघर राहिली. त्यामुळे जन्म, शिक्षण, पहिली नोकरी असं काही क्रमानं सांगत बसत नाही. थकलेला माणूस जे समोर येईल ते सांगतो, तसं सांगतो.

माझा धंदा ऑइल इंजिन दुरुस्तीचा. खामगावला जिनिंगच्या कारखान्यांत पान्हे फिरवता फिरवता शिकलो आणि मग गावोगाव हिंडायला लागलो. तेव्हा विहिरीवर इंजिन, गिरणीवर इंजिन, तेलघाण्यावर इंजिन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे इंजिन बटणावर सुरू होत नाही. हँडल अडकवायचं, वरचा एक लहान दांडा उचलून धरायचा, म्हणजे आतली हवा मोकळी राहते आणि जड चाक फिरायला लागतं. चाकानं वेग घेतला की दांडा सोडायचा. इंजिन एक खोकला काढतं आणि पकडतं. त्याच क्षणी हँडल सुटून हातात यायला हवं. इंजिननं उलटा झटका दिला तर हँडल मनगटावर येतं. म्हणून आमच्यात पहिली शिकवण अशी की हँडलला विळखा घालायचा नाही. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. माझ्या ओळखीचे अर्धेअधिक इंजिनवाले हात मिळवताना कण्हायचे, ते या शिकवणीकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

महाराष्ट्र राज्य झालं आणि त्यानंतरच्या वर्षांत विजेचे खांब एकेका गावात शिरायला लागले. खांब आला की लोकांना इंजिन नकोसं व्हायचं. मग मोटार बसवायला कोण? ज्यानं इंजिन सांभाळलं तोच. मी मोटारीचं काम शिकून घेतलं. आवडलं नाही, पण पोटाला आवडनिवड नसते. इंजिनाच्या पायातले बोल्ट कापायचे, तिथं मोटारीसाठी बैठक करायची. इंजिन सावकाश फिरतं, मोटार झपाट्यानं, म्हणून मोटारीला लहान पुली लावायची. पट्टा चढवायचा, स्टार्टर भिंतीवर ठोकायचा, झालं. पण मोटार मोडत नाही. इंजिन दर दोन-चार महिन्यांनी मला बोलवायचं, मोटार बोलवत नाही. म्हणजे प्रत्येक कामाबरोबर मी माझंच एक गिऱ्हाईक माझ्या हातानं पुसून यायचो. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड चालवावी तसा हा धंदा होता, आणि ती कुऱ्हाड मी वर्षानुवर्षं नेटानं चालवली.

मोटारीची एक खोड मात्र सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. तिला तीन तारा असतात. त्यातल्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. खामगावजवळच्या एका पाटलांच्या विहिरीवर असंच झालं. मोटार गुणगुणत होती, पण पाणी येईना. मी पोचेपर्यंत पाटलांनी ठरवून टाकलं होतं की विहिरीतल्या साती आसरा कोपल्या. नारळ फोडला, खणानारळानं ओटी भरली, घुगऱ्या वाटल्या. मी दोन तारा बदलल्या आणि पाणी धो-धो आलं.

"पाह्यलं मिस्तरी? नारयाचा गुण हाय," पाटील म्हणाले.

"हाव जी," मी म्हटलं. घुगऱ्या मीही खाल्ल्या होत्या.

आता बोटीचं.

अमडापूरच्या पुढे, डांबरी सडक सोडून आत गेलं की एक गाव आहे. तिथं पहिल्यांदा दुरुस्तीला बोलावलं तेव्हा गाव सापडेना. डोक्यावर डबे घेतलेल्या बाया दिसल्या म्हणून विचारलं, गिरणी कुठं आहे?

"आमी बोटीवरच जाऊन राह्यलो ना. या मांगं मांगं," त्यातली एक म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण त्या गावाला आणि आसपासच्या वाड्यांना गिरणी हा शब्दच नव्हता. दळण बोटीवर न्यायचं, पीठ बोटीवरून आणायचं. कारण गिरणीचं इंजिन खरोखरच बोटीचं होतं.

गिरणीवाला तुळशीराम तरुणपणी मुंबईला गेला होता. कापडगिरणीत काम मिळालं नाही, तो गोदीच्या बाजूला एका बोटी दुरुस्त करणाऱ्याकडे लागला. तिथं कोकणातला एक मचवा यायचा. शिडावर चालणारा, पण वारा पडला की हलावं म्हणून त्यात एक डिझेल इंजिन बसवलेलं. तो मचवा खडकावर फुटला. लाकडं जळणात गेली, शीड कुणी ताडपत्री म्हणून नेलं, आणि इंजिन तुळशीरामनं घेतलं. रेल्वेनं जलंबमार्गे खामगावला आणलं, तिथून बंडीवर घालून गावी. दोन बैलजोड्या थकल्या असं तो सांगायचा. समुद्रावर तो स्वतः एकदाच गेला होता आणि सारा वेळ ओकत होता, हेही तोच सांगायचा.

ते इंजिन उभ्या घडणीचं होतं आणि त्याला बोटीला असतो तसा पुढे-मागे करायचा दांडा होता. गिरणीत त्या दांड्याचा उपयोग एवढाच की चक्की सुरू आणि बंद करता यायची. पण तुळशीराम तो ढकलताना दर वेळी ओरडायचा, "आगे!" आणि चक्की फिरायला लागायची. पिठानं पांढरा झालेला माणूस, कमरेला गमछा, आणि तोंडानं "आगे!" बाया हसायच्या. त्याला त्याचं काही नव्हतं.

त्याला ऐकूही फारसं यायचं नाही. पत्र्याच्या खोलीत तसलं इंजिन वर्षानुवर्षं चालवलं की कान राहत नाहीत, माझ्यावरून सांगतो. पण इंजिनाचं त्याला सगळं कळायचं. अनवाणी उभा असायचा आणि म्हणायचा, "मले पायानं आयकू येते." इंजिनावर तळहात ठेवला की त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. बायको सरूबाई चाळणीजवळ बसून डबे ओळीनं लावायची आणि भांडणं मिटवायची. इंजिनाचा आवाज चारी बाजूंच्या वाड्यांवर जायचा. तो आला की बाया डबे उचलायच्या. बोट लागली, म्हणायच्या.

एके दिवशी सरूबाई एकटीच एस.टी.नं खामगावला माझ्या दुकानात आली. एवढ्या लांब ती पहिल्यांदाच एकटी आली असावी. पदरानं चेहरा पुसत म्हणाली, "मिस्तरीभाऊ, तुमची ते विजीची मोटार आमच्याकडे बसवून द्या. हँडलनं ह्यायचं मनगट मोडलं. हाड बसवलं, पन हात अजून बांधूनच हाय. आता दुसऱ्या खेपेले काय जाईन, काय सांगता येते?"

"तुळशीरामभाऊ काय म्हणतात?"

"ते आयकते का? त्यायले आयकूच येत नाई."

मी गेलो. गावात खांब आलेच होते. तुळशीराम उजवा हात गळ्यात अडकवून बसला होता. मी मोठ्यानं ओरडून सांगितलं, मोटार बसवू. तो म्हणाला, "बोटीले मोटार लावली मंग ते बोट कायची?" मी म्हटलं, हात राहिला तर गिरणी राहील. सरूबाई म्हणाली. शेजारचे म्हणाले. शेवटी त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"लावा. पन बोट इथून हालनार नाई. ते कोपऱ्यात राहीन, पन इथंच राहीन. तुमी शब्द द्या."

मी दिला. इंजिन माझं नव्हतं, जागा माझी नव्हती, घर माझं नव्हतं. शब्द मात्र मी बेलाशक दिला. मिस्तरी लोकांना ही सवय असते.

इंजिन पट्ट्यापासून सोडवून कोपऱ्यात सरकवलं, नव्या बोल्टांवर बसवलं. जुन्या जागी मोटार आली. पहिल्यांदा बटण दाबलं आणि नेमकी तीच खोड, चक्की उलटी फिरायला लागली. तुळशीरामला ऐकू येत नसलं तरी पट्टा दिसत होता. तो एवढा खदखदून हसला की गळ्यातला हात त्याला दुसऱ्या हातानं धरावा लागला.

"ओ मिस्तरी, तुमी तं बोट मांगं नेऊन राह्यले!"

मी तारा बदलल्या. चक्की सरळ फिरली. त्यानं डावा तळहात मोटारीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मोटार थरथरत नाही. मग त्यानं सरूबाईला विचारलं, "जित्ती हाय का?"

तेव्हा माझ्या मनात एक भीती बसली. ती अशी. वीज अचानक जाते. माणूस चक्की उघडून आत हात घालतो, किंवा पट्टा साफ करायला घेतो. वीज परत येते. म्हणून स्टार्टरमध्ये सोय असते की वीज गेली की तो आपोआप सुटतो आणि कुणी मुद्दाम सुरू केल्याशिवाय मोटार फिरत नाही. पण आमचे लोक हुशार. सारखं उठून कोण बटण दाबणार, म्हणून स्टार्टरचा दांडा सुतळीनं बांधून टाकतात. अशा सुतळीपायी गेलेली बोटं मी पाहिली आहेत. आणि इथं तर माणसाला मोटार सुरू झालेली कानानंही कळणार नव्हती, पायानंही नाही. मी सरूबाईला हाताला धरून स्टार्टरसमोर उभं केलं आणि सांगितलं, वहिनी, याला सुतळी लागली तर मी पुन्हा या गावात पाय टाकणार नाही. तिनं स्टार्टरलाच हात लावून शपथ घेतली.

त्यानंतर अमडापूरच्या बाजूला काम निघालं की मी तिथं डोकवायचो. सुतळी नसायची. पण हात बरा झाल्यावर तुळशीरामनं निराळंच सुरू केलं होतं. रोज सकाळी तो कोपऱ्यातलं इंजिन हँडल मारून चालू करायचा. पट्टा नाही, काम नाही, नुसतंच. तेवढ्या आवाजावर वाड्यांवरच्या बाया डबे घेऊन यायच्या, मग इंजिन बंद करून तो मोटारीवर दळायचा. डिझेल जाळून आवाज आणि वीज जाळून पीठ, असा कारभार.

"मोटार हाका मारत नाई मिस्तरी," तो मला म्हणाला. "बायाईले कसं कयन का गिरनी चालू हाय?"

त्याचं खोटं नव्हतं. पण मी पाहिलं ते वेगळं होतं. इंजिन चालू असताना तो त्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचा. बाया येवोत न येवोत, त्याला दिवसातून तेवढं हवंच होतं. सरूबाई चाळणीआडून त्याच्या मनगटाकडे बघत राहायची.

पुढल्या वर्षीची गोष्ट. खामगावला माझ्या दुकानासमोर चहाचं हॉटेल होतं, निरोप तिथंच ठेवले जायचे. सकाळी मी गेलो तर हॉटेलवाला शंकर म्हणाला, "मिस्तरी, अमडापूरकडचा मानूस सरकी घेऊन आल्ता. तुमच्या त्या गिरनीवाल्याचं बोट गेलं म्हने. लवकर बलावलं हाय."

"कोणतं बोट?"

"आता ते म्या काऊन इचारू? बोट म्हंजे बोट. गेलं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. पुढच्या गाडीनं निघालो. त्या प्रवासातलं मला बाहेरचं काही आठवत नाही, फक्त सुतळी आठवते. कोणत्या रंगाची असेल, कुणी बांधली असेल, कशी गाठ असेल. स्वतःची समजूत घालत होतो की बोटच ना, हात तर नाही. मग वाटायचं, निरोप्यानं सौम्य करून सांगितलं असेल. मोटार मीच आग्रहानं बसवली होती. हँडलनं मनगट मोडतं, पट्टा मनगट ठेवत नाही. अमडापूरला उतरलो, बंडीची वाट न पाहता चालत सुटलो.

गिरणी बंद होती. दळणाचे दोन डबे दाराशी तसेच पडले होते. तुळशीराम बाहेर दगडावर बसला होता, हात गमछ्यात गुंडाळून. मी गमछा ओढला आणि त्याचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. एकेक बोट पाहिलं. उजव्या अंगठ्याची कातडी सोललेली होती, तिच्यावर हळद. बाकी सगळी जागच्या जागी.

मी हसलो. देवाशपथ सांगतो, सुटकेनं हसलो, रस्ताभर दाबून धरलेली भीती हसू होऊन एकदम बाहेर आली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते हसू मला आजही नडतं.

सरूबाई दारात उभी होती. तिनं नुसतं आत बोट दाखवलं. कोपरा रिकामा होता. जमिनीवर तेलाचा काळा डाग आणि वर आलेले चार बोल्ट.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. निरोप बरोबर होता. बोट गेली होती. आमच्या वऱ्हाडीत 'ती'लाही 'ते' म्हणायची चाल. ते बोट म्हटलं की कोणतं बोट ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. शंकरनं आपल्या अकलेनं ठरवलं. खामगावच्या माणसाला विचारलं तर जाऊन जाऊन जाणार काय? बोटच. पाण्यातली बोट कुणाची जाते इकडे?

सरूबाईनं मला आत चूल होती तिथं नेऊन सांगितलं.

"हँडलनं परत झटका देल्ला भाऊ. अंगठाच जात होता, पाह्यलं ना तुमी? म्या हात जोडले, म्हटलं नका चालू करू आता. दुसऱ्या दिवशी फडकं बांधून परत हँडलजवळ. मंग हे शेगावले दर्शनाले गेले, तवा म्या माह्या भावाले बलावलं. त्याच्या वावरात वीज नाई, हिरीवर इंजिन पाह्यजेच होतं. घेऊन जाय म्हटलं. बंडी भरून देल्ली. बोट देल्ली म्हून बोटं राह्यली. मी चुकली का? तुमीच सांगा. तुमचं आयकतीन ते."

तिची चूक नव्हती. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं. बाहेर आलो आणि तुळशीरामच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं की झालं ते बऱ्यासाठी झालं, हात शाबूत आहेत, गिरणी आहे, बाया खोळंबल्या आहेत, वहिनीनं तुमच्या काळजीपोटी केलं. सगळं शहाणपण संपेपर्यंत त्यानं ऐकून घेतलं. ऐकलं की नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं, कुणास ठाऊक.

मग तो हळू म्हणाला, "शेगावचा प्रसाद आनला होता, तिच्यासाठी." आणि सोललेल्या अंगठ्याकडे बघत, "बोट गेलं असतं तं चाललं असतं मिस्तरी. नऊ उरले असते."

दिलेल्या शब्दाची त्यानं मला आठवण करून दिली नाही. करून दिली असती तर बरं झालं असतं.

गिरणी चालू झाली, भूक कुणाला सुटली आहे? पण तुळशीराम सरूबाईशी बोलेनासा झाला. भांडण नाही, मारहाण नाही, जेवायला वाढलं की जेवायचा. फक्त शब्द नाही. काही सांगायचं असलं तर डबा घेऊन आलेल्या बाईला सांगायचा, "तिले म्हना, चायनी आन." ती चाळणी घेऊन तीन हातांवर बसलेली असायची. बायांना सुरुवातीला गंमत वाटली, पुढे सवय झाली. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलींना सासवा सांगायच्या, बोटीवर गेलं की बुढ्याचे निरोप बुढीले द्यावे लागते. बोट नव्हती, तरी नाव बोटच राहिलं होतं. मीही असे कितीतरी निरोप पोचवले. कंटाळा यायचा. दोघांच्याही बाजूनं खरं असलेलं भांडण मिटवायला कुठला पान्हा चालत नाही.

अशी वर्षं गेली. माझे कान गेले, गुडघे गेले. इंजिनाची कामं संपली आणि मोटारीची कामं करणारी नवी माणसं आली. शेवटच्या शेवटच्या कामांपैकी एक नदीपलीकडच्या एका वावरातून आलं. खांब तिथवर उशिरा पोचले होते. विहिरीवरचं इंजिन काढून मोटार बसवायची होती. गेलो, झोपडीचं दार उघडलं, आणि समोर ती बोट. रंग उडालेला, टाकीला ठिगळ, पण पुढे-मागे करायचा दांडा तसाच. तो शेतकरी म्हणजे सरूबाईचा भाऊ.

एकाच बोटीचे बोल्ट मी दुसऱ्यांदा काढले. मोटार बसवली, या वेळी ती पहिल्याच झटक्यात सरळ फिरली. इंजिन बाहेर आणून ठेवल्यावर मी भावाला विचारलं, याचं काय करणार?

"भंगारवाला नेईन. तुमाले पाह्यजे?"

"पाहिजे."

बंडीत घातलं आणि तुळशीरामच्या गावाची वाट धरली. सगळा रस्ता मी स्वतःला विचारत होतो की हे मी कशाला करतो आहे. दिलेला शब्द इतक्या वर्षांनी पाळला तर त्याला पाळणं म्हणतात का? आणि सरूबाईनं दारातच शिव्या घातल्या तर?

तिनं बंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचे केस पांढरे झाले होते, की ते पीठ होतं, कळेना. म्हणाली, "हँडल तुमच्याजवळ हाय का?"

"आहे."

"ते तुमच्याजवळच राहू द्या. हँडल तुमी मारजा." एवढं बोलून ती आत गेली आणि तुळशीरामला हाताला धरून घेऊन आली.

तो आता पार बहिरा झाला होता. तिनं हात धरला म्हणून मुकाट्यानं आला होता, आणि बंडीत काय आहे ते दिसल्यावर तिचा हात सोडवून घ्यायचं विसरला. आम्ही चार माणसांनी इंजिन उतरवून लिंबाखाली ठेवलं. मी टाकीत थोडं डिझेल घातलं, अंगठा बाजूला घेतला आणि हँडल मारलं. पहिल्यांदा नुसता धूर आला. दुसऱ्यांदा मला धाप लागली. तिसऱ्यांदा पकडलं.

तुळशीरामनं जोडे काढले. अनवाणी उभा राहिला. मग उजवा तळहात इंजिनावर ठेवला आणि डोळे मिटले. दुसऱ्या हातानं चाचपत तो दांडा शोधला आणि ढकलला. "आगे!" तो ओरडला. पट्टा नव्हता, चक्की नव्हती, नुसतीच पुली फिरत होती.

समोरच्या वाडीवरून एक म्हातारी डोक्यावर डबा घेऊन येताना दिसली. मग आणखी दोघी.

तुळशीरामनं डोळे उघडले. सरूबाई इंजिनापासून चार हात लांब उभी होती, त्याच्या मनगटाकडे बघत, सवयीप्रमाणे. तो तिच्यापुढे गेला, दोन्ही पंजे उघडून धरले, आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून बोलला. मला नाही, त्या बायांना नाही, तिलाच.

"मोज," तो म्हणाला.

तिनं एकेक बोट धरून मोजलं. ओठ हलताना दिसत होते, दहापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. मी बंडीला टेकून उभा होतो. इंजिन बंद करायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण टाकीतलं थोडंसं डिझेल संपलं आणि ते आपोआप बंद पडलं.